वर्ष, महिना, रात्र: ह्यूगोत लावलेली माझी नोंदवही

काही महिन्यांपूर्वी आमच्या निरीक्षण-गटातल्या एका मुलाने विचारलं, “ताई, मृगातला काक्षी मंदावला होता तेव्हा तुम्ही रोज नोंदी ठेवत होतात ना? बघायला मिळतील?” मी म्हटलं, “२०२०चा फेब्रुवारी उघड.” त्याने माझ्या संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे २०२०, तिरपी रेघ, ०२ असं टाइप केलं आणि त्या महिन्याचं पान समोर आलं. वर महिन्याचं नाव, खाली रात्रीमागून रात्र. प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका तारा मंद. एरवी साधारण अर्ध्या प्रतीच्या आसपास असणारा तो तारा तेव्हा १.६ प्रतीपर्यंत उतरला होता. माझ्या एका नोंदीत एकच ओळ आहे: ‘आज काक्षी आणि बेलाट्रिक्स शेजारी ठेवले तर सारखे वाटतात.’ बेलाट्रिक्स हा मृगातलाच दुसरा तारा. त्या मुलाला तीच ओळ हवी होती.

पत्ता अंदाजाने टाइप करावा आणि तिथे खरोखर काहीतरी असावं, एवढ्यासाठी मी चार वर्षांपूर्वी सगळ्या नोंदी ह्यूगोत आणल्या. ह्यूगो हे स्थिर संकेतस्थळ तयार करणारं मोफत, मुक्तस्रोत साधन आहे. गो भाषेत लिहिलेलं आहे, २०१३मध्ये स्टीव्ह फ्रान्सिया यांनी सुरू केलं. साध्या मजकुराच्या फायली द्यायच्या, ते तयार एचटीएमएल पानं काढून देतं. सर्व्हरवर डेटाबेस नाही, काही चालत बसत नाही, फक्त फायली. ह्या परीक्षणात मी त्याच्या सगळ्या गुणांबद्दल बोलणार नाही. तारखेनुसार संग्रह लावायला ते कसं आहे, एवढंच सांगते, कारण माझ्यासाठी बाकी सगळं दुय्यम होतं.

आधी माझ्या नोंदी एका तयार सेवेवर होत्या. तिथे जुनं शोधायचं म्हणजे खाली ‘जुन्या नोंदी’ असं लिहिलेलं असायचं, त्यावर दाबत जायचं. पान २, पान ३, पान ४१. कालपरवापर्यंत पान ४१वर असलेली नोंद पुढच्या आठवड्यात पान ४२वर जायची, कारण वर नवीन नोंद आली की सगळा डोलारा एकेक पायरी खाली सरकतो. कुणाला दुवा पाठवला तर महिन्याभराने तिथे भलतंच काही असायचं. क्रमांकाची पानं ही संग्रहाची जागा होऊच शकत नाहीत, असं माझं ठाम मत तेव्हाच झालं. २०१२चा मार्च संपला की संपला. त्याच्या पानाला नंतर हलायचं काही कारण नाही. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८मध्येच हे मांडलं होतं: पत्ते बदलू नयेत, आणि पत्त्यात घालण्यासारखी न बदलणारी गोष्ट कुठली, तर मजकूर निर्माण झाल्याची तारीख. विषय बदलतात, वर्गवारी बदलते, लिहिणाऱ्याची आवडही बदलते. तारीख बदलत नाही.

स्थिर संकेतस्थळाला तर हे अधिकच लागू पडतं. क्रमांकाची पानं ठेवली, तर एक नोंद घातली की ती सगळी नव्याने तयार होतात आणि सगळी पुन्हा चढवावी लागतात. वर्ष-महिन्याची पानं असली तर फक्त चालू महिना, चालू वर्ष आणि मुखपृष्ठ बदलतं. मागची वर्षं जशीच्या तशी राहतात. मला हे मनापासून आवडतं.

आता ह्यूगो. प्रत्येक फायलीच्या डोक्यावर एक छोटा तपशील-भाग असतो, त्याला फ्रंट मॅटर म्हणतात. तिथे शीर्षक आणि तारीख लिहायची. त्या तारखेवरून ह्यूगो स्वतःच नवीन वर, जुनं खाली असा क्रम लावतं. गट पाडायचे असतील तर ‘ग्रुपबायडेट’ नावाची सोय आहे: तिला तारखेचा साचा द्यायचा आणि ती त्या साच्याप्रमाणे वर्षांचे किंवा महिन्यांचे गठ्ठे करून देते. एकाच पानावर सगळी वर्षं, प्रत्येकाखाली त्या वर्षाच्या नोंदी, असं संग्रह-पान टेम्प्लेटच्या, म्हणजे पान कसं दिसावं हे ठरवणाऱ्या फायलीच्या, पाच-सहा ओळींत उभं राहतं. पहिल्याच संध्याकाळी माझं झालं होतं.

साच्याबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. इतर साधनांत वर्षासाठी एखादं अक्षर वापरतात. गो भाषेत तसं नाही. तिथे एक ठरलेला क्षण आहे: २ जानेवारी २००६, दुपारचे ३ वाजून ४ मिनिटं ५ सेकंद, आणि यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, ७ तास मागे असलेला कालपट्टा. महिना १, दिवस २, तास ३, मिनिट ४, सेकंद ५, वर्ष ६, कालपट्टा ७, असा तो क्रम बसवलेला आहे. तुम्हाला तारीख जशी दिसायला हवी तसा हा क्षण लिहून दाखवायचा. वर्ष हवं तर ‘२००६’, महिना आणि वर्ष हवं तर ‘जानेवारी २००६’ला इंग्रजीत जसं लिहितात तसं. मी हे न वाचताच साच्यात ‘२०१९’ लिहिलं आणि १४ मार्चच्या नोंदीवर शीर्षक आलं ‘१४०३९’. कारण ह्यूगोने पहिला २ म्हणजे दिवस धरला, त्यानंतरचा ०१ म्हणजे महिना धरला, आणि उरलेला ९ तसाच छापला. कारण समजल्यावर ही पद्धत मला पटली. साचा वाचताना निकाल डोळ्यांसमोर दिसतो. पण पहिल्या दिवशी हे कुणीतरी सांगायला हवं, म्हणून सांगते आहे.

इथवर सगळं चांगलं. खरी उणीव पुढे आहे, आणि ती लहान नाही.

ह्यूगोत पत्त्यांची रचना ठरवता येते. ‘वर्ष, महिना, नाव’ अशी रचना दिली की प्रत्येक नोंद त्याप्रमाणे बसते. मला वाटलं, काम झालं. मग मी पत्त्यातला शेवटचा तुकडा काढून फक्त वर्ष आणि महिना ठेवून पाहिलं. पान नाही. फक्त वर्ष ठेवलं, तरी पान नाही. ह्यूगो नोंदींचे पत्ते तारखेचे करतं, पण त्या वर्षाचं आणि त्या महिन्याचं स्वतःचं पान आपणहून तयार करत नाही. कप्प्यांवर चिठ्ठ्या आहेत, पण कप्पा ओढायला गेलं तर हाताला कडी लागत नाही, असा तो प्रकार आहे. सगळा संग्रह एका लांबलचक पानावर चालत असेल, तर तुम्हाला हे कधी जाणवणारही नाही. शंभर नोंदींपर्यंत ते ठीकच आहे. माझ्या बाराशेच्या घरात आहेत, आणि मला तर पत्ता अंदाजाने टाइप करता यायला हवा होता.

ह्यावर वेगवेगळे उपाय सापडतात. काही जण प्रत्येक नोंदीत वर्ष आणि महिना ही वेगळी वर्गवारी म्हणून लिहितात. मग ह्यूगो त्या वर्गवारीची पानं काढतं. पण त्यात तीच तारीख तीन ठिकाणी लिहिली जाते, आणि कधीतरी त्या तीन जागांत एकवाक्यता राहत नाही. मी ते दोन महिने करून सोडून दिलं.

मला जो उपाय टिकाऊ वाटला तो अगदी साधा आहे: फोल्डर. वर्षाचा फोल्डर, त्यात महिन्याचा फोल्डर, त्यात नोंदी. पत्त्यांची वेगळी रचना काढून टाकली, कारण ह्यूगो मुळात फोल्डरप्रमाणेच पत्ते देतं. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘अंडरस्कोअर इंडेक्स’ नावाची फाइल ठेवली की तो फोल्डर ह्यूगोच्या लेखी ‘सेक्शन’ होतो आणि त्याला स्वतःचं यादी-पान मिळतं. ही फाइल विसरू नका. सगळ्यात वरच्या फोल्डरला ती नसली तरी चालतं, पण आतल्या फोल्डरना ती लागतेच. ती नसेल तर महिन्याचं पान होत नाही आणि त्याबद्दल कुठलीही सूचना येत नाही. वर्षाच्या पानावर त्या वर्षाच्या सगळ्या नोंदी दाखवायच्या असतील तर साधी यादी पुरत नाही, कारण ती फक्त एक पायरी खाली बघते आणि महिनेच दाखवते. ‘रेग्युलरपेजेसरिकर्सिव्ह’ वापरलं की ती तळापर्यंत जाते.

माझ्याकडे अशा इंडेक्स फायली दीडशेच्या वर आहेत. हाताने केल्या नाहीत, एका छोट्या स्क्रिप्टने केल्या. नोंद नसलेल्या महिन्याचा फोल्डरच नाही. ढगांमुळे जे महिने कोरे गेले, त्यांची रिकामी पानं ठेवावीत का, ह्याचा मी बराच विचार केला आणि नकोत असं ठरवलं. वर्षाच्या पानावर मात्र बारा महिन्यांची नावं ओळीने दिसतात, नोंदी असलेल्यांना दुवा, नसलेल्यांची नुसती फिकट नावं. न दिसलेलं आकाशही त्यामुळे नोंदीत राहतं.

ह्या रचनेचा एक फायदा आधी लक्षात आला नव्हता. उद्या ह्यूगो सोडायची वेळ आली, तरी संग्रह माझ्या संगणकावर फोल्डरांत लावलेलाच आहे. तो उलगडायला कुठलंही साधन लागत नाही.

आता वेळेचा प्रश्न. माझ्यासारखं रात्री लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा भाग नीट वाचावा. ह्यूगोला कालपट्टा सांगितला नसेल तर ते तारीख यूटीसीतली समजतं. शिवाय भविष्यातली तारीख असलेली नोंद ते प्रकाशित करत नाही, मुद्दाम सांगितल्याशिवाय. ह्या दोन गोष्टी एकत्र आल्या की गंमत वाटावी असं काही होत नाही, फक्त नोंद गायब होते. जे यूटीसीच्या पुढे राहतात त्यांनी पहाटे दोन वाजता नोंद लिहिली आणि आजची तारीख टाकली, तर यूटीसीत अजून कालच आहे. ह्यूगोच्या दृष्टीने ती नोंद उद्याची आहे. ती यादीत नाही, महिन्याच्या पानावर नाही, कुठे चूक झाल्याचा संदेशही नाही. मी एकदा सकाळपर्यंत फाइल उघडून बघत बसले होते. उपाय सोपा आहे: ह्यूगोच्या सेटिंगच्या फायलीत ‘टाइमझोन’ एकदा लिहून टाका, किंवा प्रत्येक तारखेपुढे यूटीसीशी असलेला फरक लिहा. मी दोन्ही करते.

जुन्या सेवेतून नोंदी बाहेर काढल्या तेव्हाही हेच झालं होतं. तिथून मिळालेल्या फायलीत सगळ्या वेळा यूटीसीत होत्या, आणि तसंच उतरवून घेतल्यामुळे मध्यरात्रीनंतर लिहिलेल्या नोंदी एक दिवस मागे गेल्या. १ जानेवारीच्या अशा नोंदींचं तर वर्षच बदललं. तुम्ही कुठूनही स्थलांतर करत असाल तर महिन्याच्या शेवटच्या आणि पहिल्या दिवसाच्या नोंदी आधी उघडून बघा. चूक असेल तर ती तिथेच सापडते.

आकाश बघणाऱ्यांसमोर आणखी एक पेच असतो. निरीक्षणाची रात्र दोन तारखांवर पसरलेली असते. मिथुन राशीतला उल्कावर्षाव १३ डिसेंबरच्या संध्याकाळी बघायला बसलं तर उत्तम उल्का १४च्या पहाटे दिसतात. नोंद कुठल्या तारखेची? खगोलशास्त्रात दिवसांना सलग क्रमांक देतात, त्याला ज्युलियन दिवस म्हणतात; तो दुपारी १२ला सुरू होतो, आणि युरोपातल्या निरीक्षकांची अख्खी रात्र त्यामुळे एकाच क्रमांकाखाली येत असे. मी तोच विचार स्थानिक वेळेला लावला: दुपार ते दुपार एक रात्र, आणि फायलीची तारीख संध्याकाळची. ज्युलियन दिवसाचा खरा क्रमांक फ्रंट मॅटरमध्ये वेगळ्या रकान्यात. असे स्वतःचे रकाने ह्यूगोत हवे तेवढे घालता येतात आणि त्यांच्यावरून क्रम किंवा गटही लावता येतात. ह्या बाबतीत मला एकही तक्रार नाही.

तक्रार वेगळीच आहे. मला ‘हीच तारीख, सगळी वर्षं’ असं पान हवं होतं: १३ डिसेंबरला २००९पासून दर वर्षी काय दिसलं? मी ग्रुपबायडेटला फक्त महिना आणि दिवस असा साचा दिला. एकेका तारखेखाली सगळी वर्षं गोळा होतील असं वाटलं होतं, पण तीच तारीख पंधरा वेळा वेगवेगळी आली. कारण ही सोय आधी सगळ्या नोंदी काळाच्या ओळीत लावते आणि त्या ओळीवरून चालत जाते. साच्यातून निघालेलं नाव बदललं की आधीचा गठ्ठा बंद, नवा सुरू. पुढच्या वर्षी तेच नाव परत आलं तरी मागचा गठ्ठा ती पुन्हा उघडत नाही. म्हणून ह्या एका कामासाठी मला वर्गवारीच वापरावी लागली. ‘दिवस’ नावाची वर्गवारी केली आणि तिच्यात महिना-दिवस स्क्रिप्टने भरले. ऑगस्टच्या १२ तारखेचं पान त्यामुळे माझं सगळ्यात आवडतं झालं आहे. ययातीतल्या उल्कावर्षावाची इतकी वर्षं एकाखाली एक: कधी ४३ उल्का, कधी पूर्ण चंद्र, कधी नुसते ढग.

मराठीसाठी थोडक्यात. भाषा ‘मराठी’ अशी सांगितली की महिन्यांची नावं जानेवारी, फेब्रुवारी अशी आपोआप येतात, गटांच्या शीर्षकांतसुद्धा. अंक मात्र इंग्रजीच राहतात. दहा अंकांची अदलाबदल करणारा छोटासा तुकडा लिहून मी तो सगळ्या टेम्प्लेटमध्ये वापरते. पत्त्यांतले आणि फायलींच्या नावांतले अंक मात्र बदलू नका. फक्त वाचकाला दिसणारा भाग मराठी करायचा.

वेगाबद्दल बोलायचं तर बाराशे नोंदी, त्यांची वर्ष-महिन्याची पानं आणि दिवसांची वर्गवारी मिळून माझ्या जुन्या लॅपटॉपवर दोन सेकंदांच्या आत तयार होतं. मांडणीत एक शब्द बदलून पंधरा वर्षांच्या पानांवर लगेच बघता येतं, आणि त्यामुळे दुरुस्ती करायचा कंटाळा येत नाही. जुने दुवे जपायला ‘एलियस’ची सोय आहे: नोंदीत जुना पत्ता लिहिला की ह्यूगो तिथे एक लहानसं पान ठेवतं, ते वाचकाला नव्या जागी पाठवतं. मी प्रत्येक नोंदीला जुना पत्ता दिला आहे.

दुसरं काही घ्यावं का? जेकिल मी आधी वापरून पाहिलं. ते २००८पासूनचं, रूबी भाषेतलं. तिथे फायलीच्या नावातच वर्ष-महिना-दिवस लिहावा लागतो, आणि ही शिस्त मला आवडली; ह्यूगोलाही फायलीच्या नावातून तारीख घ्यायला सांगता येतं. वर्ष-महिन्याच्या पानांसाठी जेकिलला वेगळं प्लगइन जोडावं लागतं. इलेव्हन्टीत मात्र हे काम ह्यूगोपेक्षा सरळ होतं: नोंदींचे वर्षवार गट करायचे आणि त्या गटांवरूनच पानं काढायला सांगायचं. ज्यांना जावास्क्रिप्ट चांगली येते त्यांनी तिकडेच जावं असं मी प्रामाणिकपणे सांगेन. मला येत नाही, आणि ह्यूगो ही एकच फाइल उतरवून घेतली की चालतं, त्याच्यामागे दुसऱ्या पन्नास गोष्टी लावाव्या लागत नाहीत.

एक धोक्याची जागा राहिली. ह्यूगो फायलीच्या शेवटच्या बदलाची वेळही तारीख म्हणून घेऊ शकतं. संग्रहासाठी ती कधीही वापरू नका. एक वेलांटी दुरुस्त केली तरी २०११ची नोंद आजची होते, आणि दुसऱ्या संगणकावर सगळं उतरवून घेतलं तर सगळ्याच नोंदी आजच्या. ‘शेवटचा बदल’ नोंदीच्या तळाशी बारीक अक्षरात दाखवावा. क्रम मात्र लिहिल्या तारखेचाच असावा.

वर्षांच्या मुख्य यादीत प्रत्येक वर्षापुढे नोंदींची संख्या येते. २०१४ पुढे ११ आहे. त्या वर्षी आई आजारी होती. यादी पहिल्यांदा तयार झाली तेव्हा मी तो आकडा बराच वेळ बघत होते.

सध्या मी बाबांची वही उतरवून घेते आहे. १९८६चा हॅलेचा धूमकेतू. फेब्रुवारीत तो सूर्याला वळसा घालून परतला तेव्हाच्या पेन्सिलीतल्या नोंदी. काही पानांवर महिना वाचता येतो, दिवस पुसला गेला आहे. ह्यूगोला अर्धी तारीख चालत नाही, पूर्णच द्यावी लागते. अशा नोंदींना मी महिन्याची १ तारीख देते आणि शेजारी एक रकाना ठेवते: ‘दिवस अज्ञात’. तो रकाना दिसला की टेम्प्लेट फक्त ‘एप्रिल १९८६’ छापतं, आणि ती नोंद ‘दिवस’ वर्गवारीत जात नाही. अशा सात नोंदी झाल्या आहेत, वहीची अजून तीस पानं बाकी आहेत.